ट्रेबल किती ठेवायचा

आमच्या घरी ती पेटी आली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "हिला पाणी लागतं का?"

हसू नका. ती वर्षंच तशी होती. एक उन्हाळा कसाबसा ढकलावा, तर पुढचा पावसाळा नुसते ढग दाखवून निघून जायचा. नळाला पाणी कधी येणार ते लाइनमनलाच ठाऊक, आणि आमच्या अपार्टमेंटचं बोअर तर कधीचंच खडखडीत झालेलं. शहर मात्र चौफेर पसरत होतं. लग्नानंतर ज्या शिवारात आम्ही हुरडा खायला जायचो तिथं मोठमोठ्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या जाहिरातीत निळेशार पोहण्याचे तलाव! माझा असा जीव जळायचा. त्यामुळे घरात मिक्सर येवो, पाहुणा येवो की कुंडीतलं झाड, माझा प्रश्न ठरलेला.

"वीज लागते," हे म्हणाले. "तीही मोबाइलच्या चार्जरएवढी."

हे म्हणजे आमचे हे. नावानं हाक मारायची सवय मला कधी लागली नाही, आता लिहिताना ती कशाला लावून घेऊ?

पेटी पाठवली होती मुलीनं, पुण्याहून. तिला अँप मॉडेलर म्हणतात. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर रबर ताणल्यासारखी टिंगटिंग करते. तिला आवाज येतो तो अँपमधून, आणि तो अँप कसा आहे यावरच गिटार गोड की कर्कश ते ठरतं. ही छोटी पेटी म्हणे जगातल्या नाना तऱ्हेच्या अँपांची हुबेहूब नक्कल करते. गिटारची वायर इकडून आत, स्पीकरची वायर तिकडून बाहेर, आणि मधे बटणंच बटणं.

आता यांना ती कशाला हवी, ते सांगते. हे वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबून सुटे भाग बनवतात त्या खात्यात, मेंटेनन्समध्ये होते. पण ती झाली नोकरी. शनिवार-रविवारी, गणपतीत, लग्नसराईत हे वाद्यवृंदात गिटार वाजवायचे. तेव्हा यांच्याकडे जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप होता. उचलायला दोन माणसं लागायची. कार्यक्रमाच्या आधी बराच वेळ तो चालू करून तापवावा लागायचा, आणि एकदा तापला की काय आवाज द्यायचा! मी लासूर स्टेशनची, अडत दुकानदाराची मुलगी. गिटार कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं. लग्न ठरल्यावर आमच्या घरच्यांनी मला यांचा कार्यक्रम बघायला आणलं, आणि त्या आवाजानं माझ्या अंगावर जो काटा आला तो मला अजून आठवतो. आई शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "आवडला का गं?" मी म्हटलं, "लई." तिला वाटलं मी मुलाबद्दल बोलतेय. मीही खुलासा केला नाही.

पुढं वाद्यवृंद मोडला. कुणी नोकरीत अडकलं, कुणी दुबईला गेलं. ज्या खोलीत सराव चालायचा ती रस्ता रुंदीकरणात गेली, आणि तिच्याबरोबर तिथं पडून असलेला अँपही गेला. मग कंपनीनं ते खातंच दुसऱ्या राज्यात हलवलं आणि हे वेळेआधी निवृत्त होऊन घरी बसले. तिथून पुढं मात्र माझा धीर सुटायला लागला. मी उस्मानपुऱ्यातल्या शाळेत शिकवत होते. सकाळी जाताना हे खिडकीतल्या खुर्चीत, दुपारी आले तरी त्याच खुर्चीत. खालून टँकर गेला की नजर त्याच्यामागं, टँकर वळला की परत रस्त्यावर. दाराची बेल वाजून वाजून दमायची, पण हे उठायचे नाहीत. मी चिडायची. "अहो, दार तरी उघडत जा! का त्यालाही मूड लागतो?" हे म्हणायचे, "वाजलीच नाही." मी कपाळाला हात लावायची.

अशात यांच्या जुन्या ड्रमवाल्या दोस्ताचा फोन आला. शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान. आम्ही त्यांना भाई म्हणतो. भाईंनी जुन्या सगळ्या वादकांना जमवायचं ठरवलं होतं. दिवाळी झाली की बीड बायपासच्या एका लॉनवर सगळ्यांनी बायकामुलांसह यायचं आणि वाजवायचं.

"अँप नाही माझ्याकडं," यांनी सांगून टाकलं. ते मी मुलीच्या कानावर घातलं आणि आठवड्याभरात पेटी दारात हजर.

हे पेटीकडं बघून म्हणाले, "बघू. आवाज जमला तर जाईन. नाही जमला तर गिटार देऊन टाकीन, विषय संपला."

यांच्या तोंडचं 'विषय संपला' मला चांगलं माहीत होतं. संध्याकाळचं फिरणं असंच संपलं होतं, मित्रांबरोबरचा चहा असाच संपला होता, लग्नाकार्याला जाणं संपलं होतं. एकदा संपलं की ते पुन्हा सुरू व्हायचं नाही. आता गिटार तेवढी राहिली होती. ती गेली की खुर्ची आणि खिडकी. म्हणून मला त्या पेटीतून आवाज काढायचाच होता. मग तिला पाणी लागो नाहीतर रक्त लागो.

पहिल्या दिवशी पेटी आमच्या जुन्या डेकच्या स्पीकरना जोडली आणि यांनी तारेवर हात मारला. देवा रे! मिक्सरमध्ये कोरडे शेंगदाणे घातल्यासारखी ती घरघर. मुलगी फोनवर होती. ती म्हणाली, "बाबा, कॅबिनेट बंद ठेवलंय तुम्ही. अँपचा स्पीकर ज्या लाकडी खोक्यात असतो ना, त्याची नक्कल आत आहे, ती चालू करा." यांनी ती शोधून चालू केली. घरघर गेली आणि गिटारसारखं काहीतरी ऐकू यायला लागलं. हे माझ्याकडं बघून जरासे हसले. कितीतरी महिन्यांनी मी यांचे दात पाहिले.

पण मागं एक घूं घूं चालूच होती. हात तारांवरून काढला की घूंऽऽ, हात ठेवला की गप्प. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, पेटी बदलून मागवू. हे म्हणाले, "पेटीचा दोष नाही. अर्थिंग गेलंय." इथं मात्र यांच्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. खाली गेले, मीटरच्या मागं बघून आले. आमच्या अपार्टमेंटच्या मागं अर्थिंगचा खड्डा आहे. मीठ-कोळसा भरून त्यात जमिनीत सळई पुरलेली. ती जमीन ओली राहिली तरच अर्थिंग चालतं. पूर्वी वरची टाकी भरून वाहायची आणि ते पाणी बरोबर तिथं पडायचं. आता टाकी भरून वाहणं हे स्वप्नातसुद्धा येत नव्हतं. खड्डा पार सुकून भेगाळला होता.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"पाणी ओतायचं. बादलीभर, रोज."

"माझ्यासमोर बोललात ते बोललात," मी म्हटलं, "जिन्यात बोलू नका. लोक मारतील."

तरी मी मार्ग काढलाच. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, आणि हे टबात उभे राहून अंघोळ करायचे ते पाणी. असं साठवून रोज बादली खाली न्यायची आणि खड्ड्यात ओतायची. एरवी ते पाणी संडासात जायचं. त्यासाठी मग कपडे खंगाळल्याचं पाणी राखून ठेवायची. माझं सगळं गणित पक्कं होतं. पण तळमजल्यावरच्या आपांनी मला ओतताना पाहिलं. आपा म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. माझ्याहून मोठ्या, आणि आवाज असा की अख्खं मैदान सरळ उभं राहील.

"क्या बाजी! पानी ज्यादा हो गया क्या? जमीन को पिला रे तुम?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बघते तर दोन-तीन गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आलेली. मी काही बोलणार तेवढ्यात हे मागून आले. एरवी जिना न उतरणारा माणूस! यांनी आपांना विचारलं, "आपा, तुमच्या वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात ना?"

"हौ, आती ना. कब से."

"फ्रिजला?"

"फ्रिजको भी."

"मग हे त्याचंच औषध आहे," म्हणून यांनी सगळं समजावून सांगितलं. गिटारचं नाव काढलं नाही हो, अगदी साळसूदपणे अख्ख्या इमारतीच्या सुरक्षेवर बोलले. गॅलरीतली डोकी ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून आपाही भांडी विसळलेलं पाणी तिथं ओतायला लागल्या, मग बाकीचेही. काही दिवसांत आपांच्या मशीनच्या झिणझिण्या थांबल्या आणि आमची घूं घूं गेली. इमारतीत यांचा भाव एकदम वधारला. जिन्यात भेटला की जो तो यांना थांबवून काहीतरी विचारायला लागला. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

कसली येतेय! खरा त्रास तिथून सुरू झाला.

मागचा आवाज गेला आणि आता पुढचा तेवढा राहिला. हे रोज दुपारी बसायचे. एक अँप निवडायचे, वाजवायचे, मान हलवायचे, दुसरा निवडायचे. "धार नाही याला," म्हणायचे. "कांबळं पांघरून वाजवल्यासारखं येतंय." मग ट्रेबल वाढवायचे. ट्रेबल म्हणजे आवाजातला वरचा, बारीक, चमकणारा भाग. त्याच्याही वर एक प्रेझेन्स नावाचं बटण होतं, ते वाढवायचे. जसजसे दिवस गेले तसतसा आवाज असा टोकदार होत गेला की माझे दात शिवशिवायला लागले. मी पोळ्या करताना दार लावून घ्यायला लागले. म्हटलं, असेल बाई काहीतरी शास्त्र, आपल्याला काय कळतं त्यातलं!

मग एकदा आपा जिन्यात भेटल्या. इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाल्या, "बाजी, बुरा नक्को मानो. भाईसाब की गिटार पहले बहुत मीठी थी. आजकल चुभती है." आपा खिडकी उघडी ठेवून ऐकायच्या हे मला माहीत होतं. आता त्यांची खिडकी बंद असते हेही मी पाहिलं होतं.

यांनी मोबाइलवर एक तुकडा रेकॉर्ड करून भाईंना पाठवला. भाईंचा फोन आला. दोस्तच ते, सरळ बोलले. "यार, ये क्या भेजा? दाढ़ दुखने लगी मेरी."

यांनी फोन ठेवला. चेहरा पार उतरला. "नक्कल ती नक्कलच," म्हणाले. "भाईला कळव, माझं जमत नाही." आणि पेटीची वायर काढायला वाकले. मी घाईनं म्हटलं, "अहो, भाई रविवारी येतोच म्हणालेत चहाला. त्यांच्यासमोर एकदा वाजवा आणि मग काय ते ठरवा." खरं तर भाई असं काही म्हणाले नव्हते. मीच त्यांना फोन करून बोलावलं.

रविवारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हे दारापाशीच्या खुर्चीत बसून तारा पुसत होते. आमच्या दाराची बेल चिमणीसारखी चिवचिवते. ती वाजली. पुन्हा वाजली. पुन्हा. मी कणकेचे हात घेऊन तणतणत बाहेर आले. यांचं डोकं गिटारवर, शांत. बेल तिसऱ्यांदा की चौथ्यांदा माझ्यासमोर चिवचिवली आणि यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भाईंनी मग दारावर थाप मारली. थापेसरशी हे उठले. "अरे, भाई आला वाटतं!"

त्या दोघांचा चहा होईपर्यंत माझं लक्ष त्या पेटीच्या बटणांकडंच होतं. भाई म्हणाले, वाजव. हे खिडकीकडं तोंड करून बसले, वाजवताना यांना तसंच लागतं. पेटी मागं स्टुलावर होती. वाजवणं सुरू झालं, भाईंनी डोळे बारीक केले. मी स्टुलाजवळ गेले आणि प्रेझेन्सचं बटण वरून पार खाली आणलं. खोलीतला आवाज एकदम बदलला. भाईंनी चमकून माझ्याकडं बघितलं. यांनी नाही. हे आपले वाजवतायत. मी ट्रेबल खाली आणायला लागले. हळूहळू. बराच खाली आणल्यावर यांचा हात थांबला. "वायर सैल झाली का?" म्हणाले. "आवाज बसल्यासारखा वाटतोय."

भाई आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो. भाई उठले, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी निमित्त सांगून गेले. सांगायचं काम माझं होतं, त्यांनी ते माझ्यावर सोडलं.

आता कसं सांगायचं? तुम्हाला कळायला हवं, यांना दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता, कानाचा होता. वाद्यवृंदात सगळ्यांची वाद्यं हे जुळवून द्यायचे. आणि कारखान्यात तर यांची ख्याती होती. प्रेस बिघडला की हे स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे, मूठ कानाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. आतलं कुठलं बेअरिंग रडतंय ते तिथल्या तिथं सांगायचे. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. ते यांच्या खिशात. "बोळे घातले तर मशीन काय बोलतंय ते कसं कळणार?" हे मला कौतुकानं सांगायचे, आणि मीही कौतुकानं ऐकायचे. त्या धडधडाटात उघड्या कानांनी यांनी उमेदीची अख्खी वर्षं घातली. ज्या कानावर एवढा विश्वास, तोच कान त्या कामात झिजत गेला.

मला गोड बोलायला येत नाही. मी यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "पेटी चांगली आहे. तुम्हाला वरचा आवाज ऐकू येत नाही."

"कुणाला? मला?"

"तुम्हालाच. दाराची बेलसुद्धा येत नाही तुम्हाला."

"माझा कान!" यांचा आवाज चढला. "अगं, माझ्या कानावर प्रेस थांबवलेत लोकांनी! तू मला शिकवतेस? ज्या बाईला सा कुठला आणि रे कुठला..."

"नाही मला कळत सा न् रे. पण चिमणी वाजली की कळतं."

हे चपला घालून निघून गेले. अंधार पडायच्या आत परत आले, जेवले. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, दाखवून येऊ." कानाच्या डॉक्टरांनी यांना एका बंद खोलीत बसवलं, वेगवेगळे आवाज ऐकवले, आणि बाहेर आल्यावर कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, मग विहिरीत उतरल्यासारखी. डॉक्टर भले होते. म्हणाले, बोललेलं ऐकायला मशीन मिळेल, पण गेलेला भाग परत येत नाही. यांनी ते मशीन लावून गिटार वाजवून बघितली. पत्र्याच्या डब्यात चमचा हलवल्यासारखी येते, म्हणाले, आणि काढून ठेवलं. मग गिटार कव्हरमध्ये घातली. चेन लावताना यांनी गिटारवर जरा हात ठेवला, तेवढ्यानं माझा बांध फुटला.

"हे बघा," मी म्हटलं, "हे चालायचं नाही."

"आता काय करायचं राहिलं? ऐकूच येत नाही तर आवाज जमवायचा कसा?"

"मला येतं ना!"

"तुला?" हे हसले. वाईट हसले.

"व्हय, मला. तो जुना आवाज मला पाठ आहे. लग्नाआधी ऐकलाय, लग्नानंतर ऐकलाय, मांडवात पहिल्या रांगेत बसून, पोरगी मांडीवर घेऊन ऐकलाय. मला त्याचं नाव सांगता येणार नाही, पण समोर आला तर ओळखीन. तुम्ही वाजवा. बटणं मी फिरवते."

काय वाटलं कुणास ठाऊक, यांनी चेन उघडली.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा तिला रडू आलं. मग तिनं एक युक्ती काढली. पेटीत सोय होती, म्हणे. हेडफोनमध्ये बाबांना वरचा भाग वाढवून ऐकवायचा आणि स्पीकरमधून लोकांना बरोबर आवाज द्यायचा. दोघंही खूश. मला ते फार पटलं. यांना नाही पटलं. "लोक एक ऐकणार आणि मी दुसरंच? त्यापेक्षा मला कमी येऊ दे. पण जे वाजतंय तेच येऊ दे." मी म्हटलं, काय हा हट्टी माणूस! आणि त्याच क्षणी मला यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उठून आत गेले.

दुपारच्या दुपारी आम्ही बसायला लागलो. मी शाळेतून यायची, आम्ही जेवायचो आणि बसायचो. मला यांची भाषा येत नव्हती, मग माझीच चालवली. "कच्चा आहे." "जरा परतू द्या." "आता करपला." पहिले काही दिवस हे वैतागायचे, पण मग यांना कळायला लागलं. कच्चा म्हणजे ड्राइव्ह कमी, म्हणजे अँप पुरेसा तापलेला वाटत नाही. करपला म्हणजे तोच जास्त. 'पाणचट' म्हटलं की हे मधले सूर वाढवायला सांगायचे. डोळ्यात कांदा गेल्यासारखं म्हटलं की स्वतःच म्हणायचे, "ट्रेबल खाली घे." आवाज अगदी हळू ठेवून एकदा छान जमला आणि मोठा केल्याबरोबर बिघडला. तेव्हा हे म्हणाले, लॉनवर जेवढा मोठा लागेल तेवढ्यावरच जमवायला हवा. म्हणून आपांना विचारून त्या घरी नसतील तेव्हा मोठ्यानं वाजवायचो. आपा म्हणाल्या, "मेरे लिए रुको नक्को. मैं तो सुनने बैठती." आणि खरंच खिडकी उघडून बसायला लागल्या.

आणि एक दिवस तो आला. मी मधलं एक बटण किंचित फिरवलं, यांनी एक सूर ओढून धरला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अगदी तोच. तापलेला, गोल, शेवटाला किंचित खरखरणारा. मी बटणावरचा हात काढला. हलले तर तो जाईल असं वाटलं.

यांनी वळून माझा चेहरा बघितला. "आला?"

"आला."

यांनी पुन्हा तो सूर ओढला, मान तिरकी करून ऐकला. कितीतरी वेळ. "मला रजईखालून आल्यासारखा वाटतोय," म्हणाले. मग, "पण तू म्हणतेस तर आला असेल." यांना स्वतःला तो आवाज पुन्हा कधीच ऐकू येणार नव्हता. ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. मी आवाज पेटीत साठवून ठेवला आणि चहा टाकला.

लॉनवर संध्याकाळी सगळे जमले. कुणाचे केस गेलेले, कुणाचं पोट पुढं आलेलं, मिठ्या काय, शिव्या काय! यांची पेटी सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडली. यांनी तपासायला एक तार छेडली आणि स्टेजवरून माझ्याकडं बघितलं. मी पहिल्या रांगेत. आवाज टोचला. मी तळवा खाली दाखवला, खाली, अजून खाली. यांनी साउंडवाल्याकडं हात केला, तो म्हणाला, "बरोबर आहे सर." मी उठले आणि त्याच्यापाशी गेले. "ट्रेबल कमी करा." "मॅडम, ओपनमध्ये एवढा लागतो." मी शाळेत वापरते तो आवाज काढला. त्यानं मुकाट्यानं कमी केला. मी जागेवर येऊन बसले, यांनी पुन्हा तार छेडली, माझ्याकडं बघितलं. मी हात स्थिर धरला.

मग हे वाजवायला लागले. पहिली ओळ संपायच्या आत मागून भाई ड्रमवरून ओरडले, "अरे, वोइच है! वोइच!" लोक टाळ्या वाजवत होते. हे मात्र वाजवताना खिडकीकडं बघावं तसे कुठंतरी दूर बघायचे, आणि गाण्यातली मोठी जागा आली की माझ्याकडं. प्रत्येक जागेला माझ्याकडं. मी रडत होते आणि मान डोलावत होते.

संपल्यावर सगळ्यांनी यांना घेरलं. कुणी पाठीत धपका घातला, कुणी फोटो काढले. त्यातून वाट काढत हे खाली माझ्यापाशी आले. शर्ट घामानं ओला झालेला. वाकून विचारलं, "कसा होता? खरं सांग. माझाच होता ना?"

मी जोरजोरात मान हलवली.

"मान नको हलवूस," हे म्हणाले. "तोंडानं सांग. तुझा आवाज येतो मला अजून."

मग मी सांगितलं. इतक्या मोठ्यानं की मागच्या रांगेतले वळून बघायला लागले. म्हटलं, "व्हय हो. तुमचाच होता. जसाच्या तसा."

हे शेजारच्या खुर्चीत बसले, कान माझ्याकडं केला आणि म्हणाले, "पुन्हा सांग."